डेलिया हेशनने गावात नळ आणला त्याची गोष्ट

आमच्या क्लूनबाराच्या टेकडीवर पाण्याची टाकी आहे आणि टाकीच्या भिंतीवर एक पितळी पाटी आहे. पाटीवर पाच नावं आहेत, पाचही पुरुषांची. त्यांतल्या तिघांनी पाइप जमिनीत जाईपर्यंत या योजनेच्या नावानं बोटं मोडली होती, आणि चौथा त्या वर्षी गावातच नव्हता. ती पाटी पाहिली की अजून माझं डोकं फिरतं. माझा नवरा म्हणतो, "विनी, चाळीस वर्षं झाली, आता सोड." मी का सोडू? ते पाणी खाली आणलं डेलिया हेशननं, आणि मला ते पहिल्यापासून ठाऊक आहे, कारण सह्यांची वही माझ्या हातात होती.

डेलिया मूळची आमच्या गावची नव्हे. लग्नाआधी सहा वर्षं ती इंग्लंडात, लीड्सला, एका डॉक्टरच्या घरी कामाला होती. मार्टिन हेशनशी लग्न करून ती इथं आली, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी सासूनं तिच्या हातात दोन पांढऱ्या बादल्या आणि एक कमरेपेक्षा रुंद लाकडी कडं दिलं. बाईनं कड्याच्या मधोमध उभं राहायचं आणि बादल्या कड्याबाहेर धरायच्या, म्हणजे त्या पायांवर आपटत नाहीत.

"हे आजपासून तुझं," सासू म्हणाली.

"आणि विहीर कुठाय?"

सासूनं खिडकीतून बोट दाखवलं. विहीर तिथून दिसतही नव्हती.

विहीर गावाच्या खाली, पाणथळीच्या कडेला. वाट अरुंद, मध्येच एक दगडी भिंत आडवी, तिच्यावर चढायला तीन पायऱ्या. गाढवगाडी तिथून जाणं शक्यच नव्हतं. रिकाम्या बादल्या घेऊन उतरायचं आणि भरलेल्या घेऊन चढायचं, असा देवाचाच हिशेब होता. एका घराला दिवसाला दहा बादल्या लागत, सोमवारी धुण्याच्या दिवशी वीस. गाई, गवत, चुलीत जाळायला पाणथळीतली पीट नावाची माती कापणं ही पुरुषांची कामं, आणि पाणी बायकांचं. एखादा पुरुष बादली घेऊन दिसला तर त्याची बायको अंथरुणाला खिळली आहे किंवा मेली आहे असं लोक धरून चालत. मार्टिन मनानं चांगला होता, पण वर्षातले सहा महिने इंग्लंडात बिटाच्या हंगामाला असे. उरलेल्या सहा महिन्यांत त्यानं बादली उचलली असती तर गावानं त्याला जगू दिलं नसतं.

डेलियाची थोरली मुलगी फिलोमिना सतरा वर्षांची झाली आणि बर्मिंगहॅमला निघाली. बस येईपर्यंत तिच्याजवळ मी आणि डेलिया उभ्या होतो. पोरगी म्हणाली, "आई, माझं इथं कुणाशी भांडण नाही. पण ती वाट मला जन्मभर चढायची नाही." बस गेली. डेलिया रडली नाही. तिनं मला विचारलं, "विनी, तुझं अक्षर चांगलं आहे ना?"

"बरं आहे."

"मग वही घे. धाकटी टेरेसा चौदाची झालीय. माझ्याकडं तीन वर्षं आहेत."

सरकारनं त्या सुमारास जाहीर केलं होतं, की गावानं एकत्र येऊन पाइप घालायची तयारी दाखवली तर निम्मा खर्च सरकार देईल. डेलियानं पत्र लिहिलं, म्हणजे तिनं सांगितलं आणि मी लिहिलं, आणि एक साहेब रबरी बूट घालून आला. त्यानं टेकडीवरचा झरा मोजला. पाणी उतारानं आपोआप खाली येईल, पंपसुद्धा लागणार नाही, म्हणाला. पण टेकडीला तिन्ही बाजूंनी खडक, आणि मऊ जमीन फक्त बार्टली मॅनियनच्या वरच्या शेताची. पाइप तिथूनच येणार. बाविसाच्या बावीस घरांच्या सह्या हव्यात, आणि बार्टलीची शेताला परवानगी. हे सगळं नोव्हेंबर संपायच्या आत, नाहीतर पैसे पलीकडच्या गावाला. ते गाव तयारच बसलं होतं, आणि त्या गावापुढं हरणं म्हणजे आमच्याकडं नाक कापून घेण्यासारखंच.

आम्ही सायकली काढल्या. एका घरी म्हणाले, नळाच्या पाण्याचा चहा बेचव लागतो. दुसऱ्या घरी म्हातारा म्हणाला, "आणि बायका मग दिवसभर करणार काय?" डेलिया म्हणाली, "तुमच्याशी गप्पा मारायला बसतील." म्हाताऱ्यानं घाबरून सही केली. नवरे अडले तिथं बायकांनी त्यांना दोन दिवस कच्चे बटाटे वाढले. ऑक्टोबरपर्यंत वहीत एकवीस सह्या होत्या. घोडं अडलं ते बार्टलीपाशी.

बार्टली साठीचा, बिनलग्नाचा, टोपी झोपतानाच काढणारा. त्याची बहीण नोरा त्याचं घर बघायची. जानेवारीत विहिरीपाशी बर्फावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ती शहरात सिस्टरांच्या आश्रमात होती. काठी घेऊन चालायला लागली होती, पण बादली आता जन्मात उचलता येणार नव्हती, आणि बादली न उचलता त्या घरात राहायचं तरी कसं? तिकडं बार्टली संध्याकाळी अंधुक झालं की कुणी बघत नाही ना असं पाहत विहिरीवर जायचा आणि एक बादली आणायचा. त्या एका बादलीत चहा, बटाटे, दाढी सगळं. त्यातली दाढी बहुतेक राहूनच जायची.

आम्ही गेलो तेव्हा तो शेकोटीपाशी बसला होता.

"शेत खणू देणार नाही," आम्ही बसायच्या आधीच तो म्हणाला. "बापानं दगड वेचून वेचून केलेलं शेत आहे ते."

"चर बुजवून देऊ की," डेलिया म्हणाली. "वर्षात गवत येईल."

"गवत येईल, त्यामागनं घरपट्टी येईल, आणि घरपट्टीमागनं इन्स्पेक्टर. तो माझ्या गाई मोजणार."

"तुझ्या गाई अख्ख्या गावानं मोजल्यात, बार्टली. नऊ आहेत. एक लंगडी."

"या घरात पाण्याची कधी कमी नव्हती!" तो तडकला. "आईनं चाळीस वर्षं आणलं, नोरानं तीस. दोघींनी कधी तोंडातून शब्द काढला नाही."

"दोन्ही हातांत बादल्या घेऊन चढण चढताना शब्द निघतो होय रे तोंडातून?"

"जा आता. गाईंची वेळ झाली."

पालथ्या घड्यावर पाणी! परत येताना डेलिया सायकल हातानं ढकलत होती. म्हणाली, "दुष्ट नाही गं तो. त्याला वाटतं, पाणी घरातच असतं. खुर्ची जशी घरात असते ना, तसं." मला मात्र तो दुष्टच वाटत होता आणि तसं मी तिला सांगितलं.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये फादर कस्केलींनी वेदीवरून वाचलं: "क्लूनबाराची शरदातली मिस्सा या वर्षी बार्टली मॅनियन यांच्या घरी, चोवीस ऑक्टोबर, गुरुवार, सकाळी नऊ." माझ्या शेजारी डेलिया ताठ बसली.

आमच्याकडं वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, फादर गावातल्या एका घरी येऊन मिस्सा, म्हणजे चर्चमधली मोठी प्रार्थना, करतात. घरं पाळीनं. बावीस घरं, म्हणजे अकरा वर्षांनी एकदा आपली पाळी. त्यासाठी घर आतून बाहेरून चुन्यानं रंगवायचं, फरश्या घासायच्या, पडदे धुवायचे. मिस्सेनंतर फादरांना न्याहारी आणि सगळ्या गावाला चहा. पाळी नाकारणारं घर आजवर झालेलं नाही. लोकांनी त्यासाठी नव्या चुली बसवल्यात, एकानं तर दुसरा मजला काढलाय. आणि घरात बाई नसली तर शेजारच्या बायका जाऊन सगळं करतात. बोलवावं लागत नाही, आभार मानायचे नसतात.

त्या संध्याकाळी डेलियाच्या स्वयंपाकघरात आम्ही नऊजणी जमलो. सबिना काइन टेबलावर हात आपटून म्हणाली, "कुणीही जायचं नाही! बसू दे त्याला त्या उकिरड्यात फादरांना घेऊन. मग कळेल." दोघी-तिघींनी माना डोलावल्या. खरं सांगते, मीही डोलावली.

"मिस्सेला नाही म्हणायचं?" डेलिया म्हणाली. "उद्या नोराला कळलं तर तिला काय तोंड दाखवू? जायचं. सगळ्यांनी जायचं. घर असं लख्ख करायचं की सिस्टरांनी येऊन बघावं. भाकरी भाजायची, कप न्यायचे, काही कमी पडू द्यायचं नाही." मग ती थांबली. "फक्त पाणी आणायचं नाही. पाणी घरवाल्यानं आणायचं."

मग सबिना खुर्चीवर मागं रेलून अशी हसली की चुलीपाशी झोपलेली डेलियाची सासू जागी झाली.

"आणि त्याच्याशी गोड बोलायचं," डेलियानं बजावलं. "टोमणा नाही, नळाचं नाव नाही. जी बादलीला हात लावेल तिच्याशी मी या जन्मात बोलणार नाही."

सोमवारी सकाळी आम्ही ब्रश, साबण, चुना घेऊन हजर. बार्टलीचा चेहरा खुलला. "देवाची कृपा असो तुमच्यावर, बायांनो," म्हणाला आणि निघाला शेताकडं.

"बार्टली," डेलियानं हाक मारली, अगदी मधात घोळून. "जरा पाणी देतोस?"

"पिंपात असेल की."

पिंप कोरडं ठणठणीत होतं. पंधरा दिवस पाऊस नव्हता, आमच्या आयुष्यात पहिल्यांदाच पाऊस वेळेवर आला नाही. त्यानं आमच्याकडं पाहिलं. नऊजणी नऊ कामांत बुडालेल्या. त्यानं बादल्या उचलल्या आणि गेला. कडं घ्यायचं असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं, त्यामुळं परत आला तो अर्ध्या बादल्या आणि भरलेले बूट घेऊन. सबिनानं ते पाणी दाराच्या एका पायरीवर ओतलं आणि संपवलं.

"बार्टली, पाणी रे."

पडदे धुवायला चार बादल्या. चुना कालवायला दोन. आईच्या वेळची कपाटातली भांडी काढली, त्यांना तीन. एक फरशी घासली की काळं पाणी निघे, दुसऱ्यांदा घासली की तपकिरी, आणि मग सबिना म्हणे, "अजून एकदा पुसू, फादर गुडघे टेकणार इथं." मी शपथेवर सांगते, त्यातलं काहीही उगाच केलं नाही. ते घर खरोखरच तितकं घाण होतं.

दुपारपर्यंत ही बातमी गावभर. पुरुष भिंतीला रेलून तंबाखूचा पाइप ओढत उभे राहिले. "बार्टली, लग्न केलंस का? तूच बायको झालास की काय?" एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, "कंबरेत वाक जरा, सवय होईल." मदतीला एकही गेला नाही. काही थट्टेच्या मजेत, आणि बाकीचे घरी बायकोनं दम भरला होता म्हणून.

मंगळवारी त्यानं गाढवगाडीवर पिंप बांधलं. भिंतीच्या पायऱ्यांपाशी गाढवानं एकदा पायऱ्यांकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं, आणि माघारी वळलं. गाढवाला जे दोन क्षणांत कळलं ते गावातल्या शहाण्यांना शंभर वर्षांत कळलं नव्हतं, असं मी डेलियाला म्हणाले. तिनं मला चूप केलं.

बुधवारी दुपारी तो गेला तो परतेचना. डेलिया घाबरली. बर्फ नव्हतं, पण विहिरीपाशी शेवाळ होतं आणि माणूस साठीचा. आम्ही दोघी खाली उतरलो. तो विहिरीच्या दगडावर बसला होता, बादल्या भरून शेजारी. टोपी काढलेली होती. मी तोवर त्याचं टक्कल कधी पाहिलं नव्हतं.

"नोरा रोज किती आणायची गं?" आमच्याकडं न बघता त्यानं विचारलं.

"आठ," डेलिया म्हणाली. "सोमवारी चौदा. तुम्ही दोघंच ना घरात."

"पावसातसुद्धा?"

"पाऊस पडला म्हणून तू चहा सोडायचास का?"

त्यानं भरलेल्या बादल्यांकडं पाहिलं. मग म्हणाला, "मला कधी दिसलं नाही."

डेलियाला त्याची कीव आली असावी. "तू शेतात असायचास," ती म्हणाली.

"नाही. पावसात कोण शेतात जातं? मी घरात असायचो, शेकोटीपाशी. ती दारातून आत आली की मी म्हणायचो, दार लाव, गार वारा येतोय."

तो उठला, टोपी घातली, बादल्या उचलल्या आणि आमच्या पुढं चढायला लागला. त्या वेळी मला स्वतःची लाज वाटली. मागून डेलियाकडं पाहिलं तर ती डोळे पुसत होती. पण बादलीला तिनं हात लावला नाही.

गुरुवारी ते घर दुधासारखं पांढरं होतं. स्वयंपाकघरातलं टेबल चार खुर्च्यांवर चढवून वेदी केली होती, मेणबत्त्या लावल्या होत्या, बावीस घरांतली माणसं अंगणापर्यंत गुडघ्यांवर. मिस्सा झाली. फादर बैठकीच्या खोलीत न्याहारीला बसले. आम्ही चहा वाटायला लागलो. चाळीस माणसं, बाहेर गार हवा, किटली तीनदा रिकामी झाली. तेवढ्यात फादरांनी आतून विचारलं, "अजून एक कप मिळेल का?"

ना किटलीत थेंब होता, ना बादलीत. सगळ्या खोलीनं बार्टलीकडं पाहिलं. तो रविवारचा काळा सूट घालून उभा होता, गळ्यात टाय. डेलियानं तोंडही उघडलं नव्हतं. त्यानं बादल्या घेतल्या, आणि यावेळी दारामागचं नोराचं लाकडी कडंसुद्धा घेतलं, आणि सगळ्या गावासमोर कड्यात उभा राहून निघाला. भिंतीला रेललेल्यांपैकी एकानं हसायला तोंड उघडलं. त्याच्या बायकोनं नुसतं पाहिलं, त्याचं तोंड मिटलं.

तो परत आला तेव्हा बादल्या काठोकाठ होत्या. सांडलं नव्हतं.

"बार्टली," फादर दारात येऊन म्हणाले, "हे आणायला दुसरं कुणी नव्हतं का?"

"होतं, फादर. चाळीस वर्षं आई होती, तीस वर्षं बहीण होती." त्यानं बादल्या खाली ठेवल्या. "तो कागद कुणाकडं आहे?"

वही माझ्या एप्रनमध्येच होती. तिथंच, मेणबत्त्या अजून विझवल्या नव्हत्या त्या टेबलावर, त्यानं सही केली. इतकी दाबून की मागच्या तीन पानांवर उमटली.

"अटी आहेत," तो म्हणाला. "माझी भिंत दगडाला दगड लावून परत बांधायची. आणि माझ्या घरचा नळ शेकोटीजवळ बसवायचा. खुर्चीत बसून हात पुरला पाहिजे तिला."

सबिना काइननं, जी त्याला उकिरड्यात बसवायला निघाली होती, त्याच्या गालाचा असा मुका घेतला की फादर न्याहारीकडं परतले.

कागदोपत्री पाच पुरुषांची एक समिती नेमली गेली, आणि हिवाळाभर गावानं इर्जिक घातलं. दर शनिवारी सगळे फावडी घेऊन चरावर. ज्या पुरुषांनी घरपट्टीची भीती घातली होती तेच आता माझा चर तुझ्यापेक्षा सरळ म्हणून भांडायला लागले. बायकांनीही खणलं. डेलियानं सगळ्यात जास्त खणलं, आणि टेरेसा तिच्याबरोबर होती. नोरा ईस्टरला घरी आली आणि काठी टेकत चरावर येऊन आम्हाला चुका दाखवायला लागली.

जून महिन्यात पाणी सोडायचा दिवस ठरला. टाकीपाशी व्यासपीठ, झेंडे, शहरातून आलेला एक पुढारी. समितीच्या अध्यक्षांनी भाषण केलं. त्यांनी सरकारचे आभार मानले, फादरांचे मानले, समितीच्या पाच सभासदांचे नाव घेऊन मानले, आणि शेवटी म्हणाले, "आणि चहा देणाऱ्या आपल्या भगिनींचेही." टाळ्या झाल्या. मी अशी भडकले होते की नवऱ्यानं माझा कोट धरून ठेवला होता. डेलिया मागं उभी होती, हाताची घडी घालून, जणू तिचा काही संबंधच नव्हता.

पुढारी झडपेचं चाक फिरवायला पुढं झाला. बार्टली त्याच्या आणि चाकाच्या मध्ये जाऊन उभा राहिला.

"साहेब, माफ करा," तो म्हणाला. "जमीन माझी आहे. या चाकाला कुणी हात लावायचा ते मी ठरवणार." आणि मग इतक्या मोठ्यानं, की खालच्या गाईंनी माना वर केल्या, "डेलिया! ये इकडं!"

लोक बाजूला झाले. ती पुढं आली, लाल झाली होती. बार्टली पुढाऱ्याकडं वळला. "तीन दिवसांत हिनं माझ्याकडून एक्कावन्न बादल्या आणवल्या, आणि एकदाही आवाज चढवला नाही. इथं बसलेल्या कुणाला हे जमलं असतं तर हात वर करा."

हात कुणीच वर केला नाही. आधी सबिनानं टाळी वाजवली, मग बायकांनी, मग सगळ्यांनीच, आणि शेवटी अध्यक्षांनाही वाजवावी लागली. डेलियानं दोन्ही हातांनी चाक फिरवलं. पाइपमध्ये घरघर झाली, आणि पाणी निघालं. आम्हाला ऐकू आलं, ते खाली गावाकडं धावत होतं.

पुढची भाषणं कुणी ऐकलीच नाहीत. बायकांनी सकाळीच घरोघरी नळ उघडे ठेवले होते, पाणी आलं की कळावं म्हणून, आणि आता सगळ्या जणी स्कर्ट सावरत टेकडीवरून पळत सुटल्या. मी डेलियाच्या मागोमाग तिच्या दारात पोचले. नळ धो धो वाहत होता. मोरी भरून पाणी फरशीवर आलं होतं, फरशीवरून दारापर्यंत. टेरेसा अनवाणी त्या पाण्यात उभी राहून हसत होती. सासू चुलीजवळच्या खुर्चीवर दोन्ही पाय वर घेऊन ओरडत होती, "बंद कर गं बाई! बंद कर आधी तो नळ!"

डेलियानं बूट काढले, मोजे काढले आणि पाण्यात उतरली.

"करते, आई," ती म्हणाली. "थांबा जरा."